पटाची दुपार, नाटकाची रात्र : कॅमेऱ्याचा मोड निवडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

चुलबंद नदीच्या खोऱ्यातील, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या (भातखाचरे) असलेल्या एका गावात जानेवारी महिन्यात दोन दिवसांचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि त्याच दोन रात्री झाडीपट्टीतील नाटक असा कार्यक्रम ठरला होता. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत हे काही नवे नाही. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले की देसाईगंज-वडसा येथील नाट्यमंडळ्या गावोगावी निघतात, आणि दिवसा पट पाहायला आलेला पाहुणा रात्री नाटक पाहूनच परततो. मधल्या काळात हा शिरस्ता मोडला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी राज्याला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट परतले तशी धावत्या जोडीच्या छायाचित्राची मागणीही परतली, मात्र मधल्या वर्षांत कॅमेरा हाती घेतलेल्या मुलांनी पट कधी टिपलेलाच नव्हता.

या प्रकरणातील छायाचित्रकार अशांपैकीच एक. तालुक्याच्या गावी त्याचा लहानसा स्टुडिओ आहे. पासपोर्ट आकाराचे फोटो, साक्षगंध, लग्न आणि बारसे ही त्याची नेहमीची कामे. जवळ प्राथमिक वर्गातला डीएसएलआर कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या दोन झूम लेन्स, आणि मोड निवडण्याची वरची चकती कायम हिरव्या ऑटो खुणेवर. हे अज्ञान होते असे मी म्हणणार नाही. लग्नात माणसे दोन-तीन मीटरवर, स्थिर आणि कॅमेऱ्याकडे पाहत उभी असतात. तेवढ्या अंतरावर कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश पुरतो आणि ऑटो मोड चांगले काम देतो. दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती, त्यामुळे चकती फिरवण्याचे कारणच पडले नाही.

अडचण

पहिल्या दिवशी त्याने चारशेहून अधिक छायाचित्रे काढली. संध्याकाळी मंडपात लॅपटॉपवर ती पाहताना एका जोडीच्या मालकाने जे विचारले, ते या प्रकरणाचे मूळ आहे. "फोटू चांगला आहे जी, पण माह्या बैलाचे पाय कुठी आहेत? मले पाय उचललेले दिसले पायजे." चित्रात बैलांचे वशिंड, शिंगांचे गोंडे, धुरकऱ्याचा (जोडी हाकणाऱ्याचा) शर्ट ओळखू येत होते. गुडघ्याखाली मात्र धुरकट पट्ट्यांशिवाय काही नव्हते. काही चित्रांत तर जोडी पुसट आणि मागच्या दोराला टेकलेले प्रेक्षक स्वच्छ, असा उलटा प्रकार झाला होता.

रात्रीची अवस्था याहून वाईट झाली. तो रंगमंचापासून सुमारे बारा मीटरवर बसला होता. अंधार दिसताच कॅमेऱ्याने आपणहून फ्लॅश उघडला. समोरच्या रांगेतील डोकी पांढरी झाली आणि रंगमंच काळवंडला. मुलीच्या पाठवणीचा प्रसंग ऐन रंगात असताना लखलखाट झाल्यामुळे मध्यंतरात एका कलावंत ताईंनी निरोप पाठवला : "भाऊ, तो लाइट डोळ्यांत येते, संवाद सुटते." त्याने फ्लॅश बंद असलेली खूण निवडली, तेव्हा चित्रे उजळली खरी, पण चेहरे हलले.

पहाटे नाटक सुटले आणि साडेसहाच्या सुमारास तो मेमरी कार्ड घेऊन माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवसाचा पट अकरा वाजता सुरू होणार होता. "काका, कॅमेराच बदलावा लागेल काय?" हा त्याचा पहिला प्रश्न होता.

कारणांचा शोध

प्रत्येक डिजिटल छायाचित्रासोबत शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ), ॲपर्चर (लेन्सचे उघडलेले तोंड; एफचा आकडा लहान तितके तोंड मोठे) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) यांचे आकडे नोंदलेले असतात, म्हणून आम्ही आधी तेच वाचले. पटाच्या बहुतेक चित्रांत शटर १/२५० सेकंद, ॲपर्चर एफ/१० आणि आयएसओ १०० होते. उजेडाच्या हिशेबाने हे अचूक आहे. ऑटो मोड चुकला नव्हता. समोर काय चालले आहे आणि मालकाला काय हवे आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

जोडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरला तर ती सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे १/२५० सेकंदात ४ सेंटीमीटर. पुढे फेकला जाणारा खूर शरीरापेक्षाही वेगाने जातो. त्यामुळे शरीर जेमतेम ओळखू येते आणि पाय पुसले जातात. १/१६०० सेकंदात तीच जोडी सहा-सात मिलिमीटरच सरकते. शिवाय पूर्ण ऑटोमध्ये फोकसचा बिंदू कॅमेरा स्वतः निवडतो आणि त्याला बैलापेक्षा दोराजवळची स्थिर गर्दी सोपी वाटते.

रात्रीच्या चित्रांचे आकडे होते १/२०, एफ/५.६ आणि आयएसओ ३२००. फ्लॅशचे गणित वेगळेच आहे. त्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे ३ मीटरवरच्या डोक्यावर जेवढा उजेड पडतो त्याच्या सोळावा हिस्सा १२ मीटरवरच्या कलावंतापर्यंत पोचतो. हे कोणत्याही मोडने बदलत नाही. दुसरी गोष्ट काळ्या पडद्याची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे काळा पडदा दिसला की तो चित्र गरजेपेक्षा उजळ करायला जातो आणि त्यासाठी शटर अधिक वेळ उघडे ठेवतो. चेहरे भाजल्यासारखे पांढरे आणि हललेले, या दोन्ही तक्रारींचे मूळ हे एकच होते.

त्या तरुणाचे घर धानाचे आहे, म्हणून मी त्याला बांधीचाच दाखला दिला. बांधीत ठरावीक पाणी घ्यायचे असेल तर तलावाचे तुडूम (पाणी सोडण्याचे दार) थोडे उघडून पाट बराच वेळ चालू ठेवता येतो, किंवा तुडूम मोठे उघडून लवकर बंद करता येते. ॲपर्चर म्हणजे उघडलेले तोंड, शटर म्हणजे पाट चालू ठेवलेला वेळ. आयएसओ म्हणजे किती पाण्यात बांधी भरली असे मानायचे ते. आकडा वाढवला की कमी पाण्यात भागते, पण पीक विरळ येते, म्हणजे चित्रात दाणे दिसू लागतात. मोड म्हणजे या तिन्हींपैकी काय आपण धरायचे आणि काय राखणदारावर सोडायचे याची वाटणी. मोडने चित्राचा दर्जा ठरत नाही, निर्णय कोणाचा हे ठरते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय धावणाऱ्या माणसाच्या खुणेचा, म्हणजे स्पोर्ट्स मोडचा होता. तो शटर वेगवान ठेवतो, फ्लॅश उघडत नाही आणि हलत्या विषयाचा पाठलाग करत फोकस धरतो. साडेचार तास हाती असताना हा सर्वांत सुरक्षित मार्ग होता. अडचण अशी, की वेगवान म्हणजे नेमका किती, हा आकडा त्यातही कॅमेराच ठरवतो.

पी मोडबद्दल फार बोलण्यासारखे नाही. त्यात शटर-ॲपर्चरची जोडी कॅमेरा निवडतो, मात्र आयएसओ, फ्लॅश आणि फोकस आपल्या हाती राहतात. ऑटोतून बाहेर पडणाऱ्याला ही चांगली पायरी आहे, पण पटासाठी अर्धवट.

तिसरा पर्याय शटर प्राधान्याचा. कॅननच्या चकतीवर तो टीव्ही या अक्षरांनी दाखवतात, निकॉन आणि सोनीच्या चकतीवर एस या अक्षराने. येथे एक गैरसमज नोंदवतो, कारण तो मी अनेकांकडून ऐकला आहे : टीव्ही म्हणजे फोटो दूरदर्शन संचावर दाखवण्याची सोय, असे या तरुणाला दोन वर्षे वाटत होते. ती अक्षरे वेळेच्या मूल्याची आहेत. शटरचा वेळ आपण ठरवायचा आणि ॲपर्चर कॅमेरा जुळवतो. चौथा पर्याय याच्या उलट, ॲपर्चर प्राधान्याचा, म्हणजे एव्ही किंवा ए. पाचवा एम, ज्यात सर्व काही आपले. ही वाटणी डिजिटल काळातली नाही. १९७८ मध्ये आलेल्या कॅनन ए-१ या फिल्म कॅमेऱ्यात पी, शटर प्राधान्य, ॲपर्चर प्राधान्य आणि मॅन्युअल हे चारही प्रकार एकत्र होते. आजच्या चकतीने तीच वाटणी पुढे चालवली आहे.

पटासाठी आम्ही शटर प्राधान्य निवडले. तेथे एकच गोष्ट सोडून चालणार नव्हती, ती म्हणजे खुराचा क्षण. जोडी सुटल्यापासून टोक गाठेपर्यंत मोजके सेकंद मिळतात, त्यात तीन आकड्यांकडे लक्ष देणे नवख्याला शक्य नाही. एका आकड्याकडे देता येते.

नाटकासाठी मी एम सुचवला आणि येथे आमचा खरा मतभेद झाला. सर्वांत शेवटी शिकायचा मोड पहिल्याच रात्री कसा वापरायचा, असे त्याचे म्हणणे होते. ते वरकरणी बरोबर वाटते. पण रंगमंचावरचे दिवे एका प्रवेशात फारसे बदलत नाहीत. बदलतो तो मागचा पडदा. राजवाड्याचा रंगवलेला पडदा वर गेला आणि काळा खाली आला की चेहऱ्यावरचा उजेड तोच राहतो, मापक मात्र वेगळेच सांगू लागतो. अशा ठिकाणी ॲपर्चर प्राधान्य घेऊन दर पडद्याला प्रकाश-भरपाईचे बटण फिरवत बसण्यापेक्षा एकदा चेहऱ्यावरून आकडे ठरवून ते तसेच ठेवणे कितीतरी सोपे आहे. स्थिर उजेडात एम हा सर्वांत सोपा मोड आहे. तो अवघड आहे ही समजूत बदलत्या उजेडातल्या अनुभवावरून पसरली आहे.

मोडने न सुटणारा एक प्रश्न उरत होता. त्याच्या झूम लेन्सचे तोंड लांब टोकाला एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. त्या रात्रीच्या उजेडात १/१०० शटर हवे असेल तर त्याला आयएसओ ८००० लागला असता, आणि त्याच्या कॅमेऱ्यात तेवढ्यावर चित्र छापण्याजोगे राहत नाही. म्हणून मी माझी ५० मिलिमीटर, एफ/१.८ ची लेन्स दिली. या लेन्सशिवाय दुसरी रात्र सुधारली नसती, हे स्पष्ट सांगायला हवे.

प्रत्यक्ष कृती

अकरा वाजता शटर १/१६००, सलग पाठलाग करणारा फोकस, केवळ मधला बिंदू आणि लागोपाठ चित्रे घेण्याची सोय, एवढे ठरवून तो पटावर गेला. त्याचा कॅमेरा सेकंदाला जेमतेम तीन चित्रे घेतो, म्हणून बटण दाबून ठेवण्यापेक्षा जोडी ठरलेल्या खुणेपाशी येताच दाबायचे असे ठरले. उभे राहण्याची जागा मात्र त्याने स्वतः निवडली आणि ती योग्य होती : समोरून नव्हे, तर दोराच्या बाहेर, तिरक्या कोनात. उधळलेली जोडी सरळ रेषेतच राहील याची खात्री नसते, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला बाजूचे काही दिसत नाही.

पहिल्या अर्ध्या तासातील सुमारे चाळीस चित्रे काळपट आली. आयएसओ १०० वरच राहिला होता. स्वच्छ उन्हात १/१६०० साठी आयएसओ १०० वर एफ/४ लागतो, आणि २५० मिलिमीटरला त्याच्या लेन्समध्ये तो उपलब्धच नाही. अशा वेळी व्ह्यूफाइंडरमध्ये ॲपर्चरचा आकडा लुकलुकतो. कॅमेरा सांगत असतो की माझ्याकडे एवढे मोठे तोंड नाही, तरीही बटण दाबले की चित्र घेतो. हे लुकलुकणे मी सकाळी सांगायचे विसरलो होतो, ही चूक माझी. त्याने फोन केला, आयएसओ ४०० केला, ॲपर्चर एफ/८ वर स्थिरावला आणि चित्रे उजळली. साडेचारनंतर ऊन तिरपे झाले तसा आकडा पुन्हा लुकलुकू लागला, तेव्हा त्याने न विचारता आयएसओ ८०० केला.

दुपारी त्याने आणखी एक गोष्ट केली, जी मी सुचवली नव्हती. आयएसओ परत १०० वर आणून, शटर १/६० वर ठेवून, जोडीबरोबर कॅमेरा फिरवत दहा-बारा चित्रे घेतली. बहुतेक वाया गेली. एकात बैलांची तोंडे स्पष्ट होती आणि मागची गर्दी रंगीत रेघांमध्ये वाहत होती.

रात्री तो रंगमंचापासून पाच मीटरवर, बाजूला जमिनीवर बसला. पहिल्या प्रवेशात चार-पाच चाचणी चित्रे घेऊन, कॅमेऱ्याच्या पडद्यावर चेहरा मोठा करून पाहत त्याने एफ/२.५, १/१०० आणि आयएसओ १६०० हे आकडे ठरवले. १/१०० हा आकडा सहज घेतलेला नव्हता. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात, आणि शटर त्याहून वेगवान ठेवले तर एक चित्र उजळ, दुसरे मंद असे होते किंवा चित्रावर आडवे पट्टे येतात. फ्लॅश मिटलेला राहिला. एममध्ये तो आपणहून उघडत नाही.

परिणाम

दुसऱ्या दिवशीच्या पटाच्या चित्रांपैकी अंदाजे निम्मी देण्याजोगी होती. पाय विचारणाऱ्या मालकाला जे चित्र मिळाले त्यात डाव्या बैलाचे पुढचे दोन्ही पाय पोटाखाली मुडपलेले होते आणि खुरातून उडालेल्या मातीची ढेकळे वेगवेगळी मोजता येत होती. त्याने त्याच्या तीन प्रती मागवल्या. पट भरवणाऱ्या समितीने मात्र पुढच्या वर्षाच्या फलकासाठी १/६० चे, रेघांमध्ये वाहणाऱ्या गर्दीचे चित्र निवडले. एकाला थांबलेला क्षण हवा होता, दुसऱ्यांना वेग. दोन्ही एकाच मोडमधून, शटरचा आकडा बदलून आले, हे मला या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटते.

नाटकाची चित्रे नाट्यमंडळीने स्वतःहून मागितली. दोन ठिकाणी काम फसले. हाणामारीच्या प्रवेशात १/१०० अपुरे पडले आणि हात पुसले गेले. नृत्याच्या प्रवेशात लाल एलईडी दिव्यांखाली चेहऱ्यांचा लाल रंग इतका भरला की नाक-डोळ्यांचे बारकावे उरले नाहीत. पडद्यावर ती चित्रे छान दिसत होती, छापल्यावर फसगत कळली.

वेगळे काय करता आले असते

लाल दिव्यांच्या प्रवेशासाठी तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहून उजेड एक पायरी कमी करायला हवा होता. चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या स्वरूपात घेतली असती तर काही वाचली असती. कार्ड लवकर भरेल या भीतीने तो जेपेगवरच राहिला, आणि या निर्णयाशी मी तेव्हाही सहमत नव्हतो. हाणामारीच्या वेळी आयएसओ ३२०० करून १/२०० घ्यायला हरकत नव्हती. दिव्यांच्या लुकलुकण्याने काही चित्रे वाया गेली असती, पण बाकीच्यांत हात दिसले असते.

सकाळच्या साडेचार तासांत मी मोडच्या व्याख्या जास्त वेळ सांगितल्या. त्याऐवजी अंगणात सायकल चालवणाऱ्या मुलाची वीस चित्रे १/६० पासून १/१६०० पर्यंत घेऊन दाखवली असती, तर लुकलुकणारा आकडाही तेथेच दिसला असता आणि पटावरची ती चाळीस चित्रे वाचली असती. काम स्वीकारतानाच त्याने आदल्या दिवशी जागेवर जाऊन एक तास चाचणी घ्यायला हवी होती, हे तर उघड आहे. ग्रामीण भागात छायाचित्रकाराला असा वेळ कोणी देत नाही, तो स्वतःच काढावा लागतो.

आणखी एक प्रसंग पटानंतरचा आहे. २६ जानेवारीच्या सकाळी एका शाळेत ध्वजारोहण होते. पिशवीतून कॅमेरा काढला तेव्हा तो नाटकाच्या रात्री ठेवला होता तसाच होता : एम, एफ/२.५, १/१००, आयएसओ १६००. भर उजेडात पहिली अकरा चित्रे कोऱ्या कागदासारखी पांढरी आली, आणि दोरी ओढून फुले पडण्याचा क्षण त्यांतच गेला. ऑटोत राहिला असता तर हे घडले नसते. प्राथमिक वर्गातल्या कॅमेऱ्यांत स्वतःची मांडणी साठवून ठेवण्याची वेगळी जागा बहुधा चकतीवर नसते. म्हणून आता कोणतेही काम संपले की पिशवीत ठेवण्याआधी तो चकती पी वर आणतो, आयएसओ ऑटो करतो आणि मगच पिशवीची चेन ओढतो.